वळिवड्याचा ईस्टर
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं मुक्ताईनगर येथें झालेलें भाषण)



पास्काचा सण जवळ आला कीं आपल्या घरांतून एकच तक्रार ऐकूं येते : आपण मूठभर लोक, येथें कसला सोहळा होणार? वसईसारखी गर्दी नाहीं, गोव्यासारखीं देवळें नाहींत. ही तक्रार आम्हीहि केलेली आहे. म्हणून आज पोलंड या कॅथलिक देशाच्या ईस्टरविषयीं बोलावें असें योजिलें आहे; मात्र तो ईस्टर पोलंडांतला नव्हे, कोल्हापुराजवळील वळिवड्याचा.

१९४० व १९४१ सालीं सोव्हिएत सत्तेनें पूर्व पोलंडांतील लक्षावधि माणसें सैबेरिया व कझाकस्तानकडे हद्दपार केलीं. त्यांतून सुटलेले सुमारें ५,००० जण, बहुतेक बायका व मुलें, १९४३ पासून वळिवड्याच्या छावणींत राहूं लागले. तेथें त्यांच्या शाळा होत्या, देऊळहि होतें.

पोलिश लोकांचा ईस्टर टोपलीवांचून होत नाहीं. पवित्र शनिवारीं घरोघरची टोपली देवळांत नेतात. तींत रंगविलेलीं अंडीं, पाव, मीठ व मांस असतें. वर पांढरें वस्त्र. धर्मगुरु तिजवर पवित्र जल शिंपडतात. चाळीस दिवसांच्या उपासांत पूर्वीं अंडें वर्ज्य असे, म्हणून त्याचा एवढा मान. कांद्याच्या सालींच्या पाण्यांत उकडलें कीं त्यास तांबूस रंग चढतो. आधीं मेणानें नक्षी काढून अंडें गार रंगांत बुडविलें तर तेवढी जागा पांढरी राहते. (कांदा कोल्हापुरांत काय नि खानदेशांत काय, कोठेंहि मिळतो.) ईस्टरच्या सकाळीं घरचा वडील माणूस तें अंडें कापून प्रत्येकास एकेक फोड देतो व त्याचें शुभ चिंतितो, मगच न्याहारी. सोमवारीं मुलें एकमेकांस पाण्यानें भिजवितात. ती त्यांची रंगपंचमीच, फक्त रंगावांचून.

टोपलीला फारसें कांहीं लागत नाहीं. पण त्या फोडीला घर लागतें. १९४४ चा ईस्टर ९ एप्रिलला आला. छावणींतील पुष्कळ घरचे पुरुष तेव्हां सैन्यांत होते. पोलिश पलटणी इटलींत उतरल्या होत्या व मोंते कासिनोची त्यांची लढाई पुढल्याच महिन्यांत व्हावयाची होती. तेव्हां अंडें आईनेंच कापावयाचें. १९४५ सालीं ईस्टर १ एप्रिलला होता. त्यापूर्वीं फेब्रुवारींत याल्टा येथें तीन बड्या राष्ट्रांनीं पूर्व पोलंड रशियाकडे जावा असें ठरविलें होतें. आखाजीला आपल्या लेकी माहेरीं येतात. ज्यांचें माहेर दुसऱ्याच देशांत गेलें, त्या मातांनीं त्या सकाळीं मुलांच्या हातीं फोड देतांना काय शुभ चिंतिलें असेल? हा प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाहीं.

१९४८ सालीं छावणी मोडली. बहुतेक जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा परक्या देशीं गेले. कित्येकांच्या कबरी कोल्हापुरांतच राहिल्या. त्या बराकींत पुढें फाळणींत घरें गमावलेलीं सिंधी कुटुंबें आलीं. त्या वस्तीस आज गांधीनगर म्हणतात.

यंदाच्या पवित्र शनिवारीं टोपल्यांस आशीर्वाद द्यावा, अशी विनंती आम्ही आपल्या धर्मगुरूंस केली व त्यांनीं ती मान्य केली आहे. टोपली ज्याची त्यानें आणावी. कांद्याच्या साली आमच्या घरीं पुष्कळ जमल्या आहेत.