दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी एकच सूर

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

चित्रपटाच्या तंत्राची चर्चा हा रसिकांचा विरंगुळा आहे, आपला संबंध फक्त आशयाशी, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. ती किती अपुरी आहे, हे जिलो पोंतेकोर्व्हो या इटालियन दिग्दर्शकाच्या १९६६ सालच्या ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ या चित्रपटाच्या आधारे मी मांडणार आहे.

फ्रेंच साम्राज्यशाहीविरुद्ध अल्जेरियाचा लढा १९५४ ते १९६२ असा आठ वर्षे चालला. त्यातील राजधानीच्या कसबा या दाट वस्तीत झालेला संघर्ष हा चित्रपटाचा विषय. चित्रीकरण त्याच गल्ल्यांत झाले. फ्रेंच कर्नलची भूमिका करणारा झाँ मार्तां सोडला, तर प्रमुख भूमिकांत व्यावसायिक नट नाहीत. लढ्यातील एक नेते यासेफ सादी स्वतःच पडद्यावर आहेत.

प्रथम दृश्याचा विचार करू. दिग्दर्शक व छायालेखक मार्चेल्लो गात्ती यांनी कृष्णधवल चित्र मुद्दाम खरखरीत, दाणेदार केले. गर्दीत शिरलेला कॅमेरा हलतो, धक्के खातो. परिणामी प्रेक्षकाला वार्तापट पाहत असल्याचा भास होतो. तो इतका पक्का होता, की वार्तापटाचा एक फूटही यात वापरलेला नाही, असे अमेरिकेतील प्रतीच्या आरंभी लिहावे लागले.

परंतु चित्रपटाचा नैतिक कणा दृश्यापेक्षा ध्वनीत आहे. फ्रेंच पोलीस अधिकारी रात्री कसब्यात स्फोट घडवितात. ढिगाऱ्याखालून मुलांची प्रेते काढली जातात. पुढे तीन अल्जेरियन स्त्रिया युरोपियन वस्तीत बाँब ठेवतात. त्यांपैकी एकीच्या नजरेतून कॅमेरा उपाहारगृहातील चेहऱ्यांवरून फिरतो. तेथे आइस्क्रीम खाणारे एक लहान मूलही आहे. मग स्फोट होतो. या दोन्ही प्रसंगी मृतांवर वाजते ते संगीत एकच आहे! एन्निओ मोरिकोने व स्वतः पोंतेकोर्व्हो यांनी ते रचले. लष्कर कैद्यांचा छळ करते तेव्हाही किंकाळ्या ऐकू येत नाहीत. ऐकू येते ते प्रार्थनेसारखे गंभीर संगीत.

याचा अर्थ चित्रपट तटस्थ आहे काय? मुळीच नाही. कोण जुलमी व कोण पीडित, याविषयी तो तिळमात्र संदिग्ध नाही. तरीही आपल्या बाजूच्या हातून मेलेल्यांचा शोक तो टाळत नाही. प्रचारपट येथेच खोटा ठरतो. तो केवळ स्वकीयांसाठी रडतो. शत्रूच्या मुलाचे प्रेत पाहून ज्याचा सूर बदलत नाही, त्याच्याच न्यायाच्या मागणीवर जग विश्वास ठेवते. साधनशुचितेवर आपण पुष्कळ बोलतो. येथे तो प्रश्न एकही वाक्य न उच्चारता उभा राहतो.

शेवटही ध्वनीचाच आहे. १९५७ मध्ये संघटना मोडली जाते, कर्नल जिंकतो. मग डिसेंबर १९६० मध्ये कसब्यातून अकस्मात स्त्रियांचा जीभ हलवून काढलेला उंच, थरथरता स्वर उठतो. माणसे धुरात अस्पष्ट दिसतात. ‘तुम्हांला काय हवे?’ असे फ्रेंच अधिकारी ध्वनिक्षेपकावरून विचारतो आणि धुरातून स्वातंत्र्याची मागणी ऐकू येते. बोलणारा दिसत नाही, कारण तो कोणी एक नाही. नेते मारता येतात. तो आवाज मारता येत नाही. जुलै १९६२ मध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला.

२००३ साली अमेरिकेच्या पेंटॅगॉनने आपल्या अधिकाऱ्यांना हा चित्रपट दाखविला. इराक व्यापल्यावर त्यांना कर्नलची रणनीती अभ्यासायची असावी. ती पडद्यावर पूर्ण आहे, यशस्वीही आहे. मात्र तो अखेरचा आवाज ज्याने ऐकला नाही, त्याने चित्रपट पाहिला असे म्हणता येणार नाही.

मित्रहो, म्हणून विनंती एवढीच, की असे चित्रपट पाहताना डोळ्यांइतकेच कानही उघडे ठेवा. आणि सभेत, लेखात, घोषणेत स्वतःलाही विचारा: आपला शोक कोणापाशी येऊन थांबतो?