साध्या बसमधून दिसणारा मॉरिशस



हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेट लहान असल्याने,
तेथील साध्या प्रवासी बसने त्याचा बराच भाग पाहता येतो.

राजधानी पोर्ट लुईमध्ये, उत्तरेकडील गाड्यांच्या स्थानकालगतच आप्रवासी घाट आहे,
म्हणजे करारबद्ध मजुरांना जहाजातून उतरवून त्यांची नोंद केली जाई ते ठाणे;
१८३४ पासून या बेटावर आलेल्या भारतीय मजुरांत मराठी माणसेही होती,
म्हणून तेथील दगडी पायऱ्यांपाशी मराठी प्रवाशाने घटकाभर थांबणे उचितच ठरेल.

त्याच परिसरातून, उसाच्या मळ्यांमधून जाणारी साधी बस
पांप्लमूसच्या वनस्पती उद्यानापर्यंत नेते,
जेथे परातीसारखी काठ उभारलेली महाकाय कमलपत्रे पाण्यावर तरंगतात.

संध्याकाळी मात्र फेऱ्या कमी होत असल्याने,
परतीच्या बसची वेळ वाहकाला आधीच विचारून ठेवावी.