नकाशात माणसं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सातवीत भूगोलाच्या बाईंनी आम्हाला घर ते शाळा असा नकाशा काढायला सांगितला होता. मी सगळे रस्ते पट्टीने सरळ काढले. वही परत देताना बाई म्हणाल्या, "या रस्त्यावर माणसं राहत नाहीत का गं?" सगळा वर्ग हसला. तो प्रश्न मला चाळिशीत, पुण्यात, पुन्हा भेटला.

पुणे महापालिकेत २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग घेतात. फूटपाथ, दिवे, बसथांबा अशी आपल्या भागातली छोटी कामं आपण अर्ज भरून सुचवायची. ही कल्पना मुळात ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची, १९८९ सालची. आमच्या सोसायटीने फूटपाथ मागायचं ठरवलं. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून मोबाइलवर प्रश्नावली केली. भराभर उत्तरं आली. बहुतेकांचं एकच म्हणणं, भाजीच्या गाड्या हटवा. मी रंगीत तक्ते काढून बैठकीला गेले.

तिथे एक भाजीवाल्या मावशी उभ्या राहिल्या. "ताई, मला तर कोणी विचारलंच नाही." किराणा दुकानदार म्हणाले, "माझा मालाचा टेम्पो उभा कुठे करू?" अभियंत्यांनी सांगितलं की खालून पाण्याची लाइन जाते, वर पक्कं काँक्रीट केलं तर पुढच्या वर्षी आम्हीच फोडू. तिघांना जे ठाऊक होतं, ते माझ्या तक्त्यांत नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी आम्ही सगळे तो रस्ता चाललो. खडूने रेघा मारल्या. माल सकाळी लवकर उतरवायचा, गाड्या एका बाजूला ओळीत, फूटपाथवर निघणारे ब्लॉक. काम लांबलं, पण झालं. मात्र रेघा मारण्याआधीच, माझ्या पहिल्या अर्जाची कुणकुण लागून, एक आजी गाडी घेऊन दुसरीकडे गेल्या. त्या परत आल्या नाहीत. ती चूक माझी.

नंतर कायदे वाचले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहराच्या विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. १९६६ च्या नगररचना कायद्यात शहराच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना द्यायचा हक्क प्रत्येकाला आहे. २०१३ मध्ये पुण्याच्या आराखड्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. हा हक्क यवतमाळलाही तेवढाच आहे, राजेहो!

आपलं गाव वाढलं. लोहारा, वडगाव, उमरसरा आपल्या लहानपणी वेगळी गावं होती, आता शहरात आली. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा, चापडोह आटले, तेव्हा आई फोनवर सांगायची, आज टँकर कोणत्या गल्लीत आला, कोणाकडे राहिला. कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कोणाला गुंड उचलत नाही, हे गल्लीला ठाऊक होतं. शहराची आखणी करताना हीच माहिती लागते, आणि ती कोणत्याही संगणकात नसते.

काल शाळा सुटताना मी फाटकाशी उभी होते. ऑटो, दुचाक्या, फुटाण्याची गाडी, आणि त्यातून वाट काढणारी पोरं. एक चिमुकली दप्तर छातीशी धरून कितीतरी वेळ पलीकडे जाऊ शकली नाही.

आपल्या बॅचमध्ये दुकानदार आहेत, डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, नगर परिषदेत ऊठबस असलेलेही आहेत. उद्या सकाळी सात वाजता फाटकाशी या. फुटाणेवाल्या काकांना आणि ऑटोवाल्या दादांना मी आजच सांगून ठेवलंय. आधी त्यांचं ऐकू, मग नकाशा काढू आणि सगळ्यांच्या सह्यांनिशी नगर परिषदेत देऊ.

खडू मी आणते. बाई, तुम्हीही या. या वेळी वही तपासून घ्यायची आहे.