दावणीचे खोंड आणि बाजारचा बैल

लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा जो बाजार भरतो, त्यात बैल पारखणारा शेतकरी प्रथम त्याचे दात पाहतो. अजून दात न लागलेला खोंड स्वस्त पडतो. परंतु तो औताला कसा चालेल हे कोणीच सांगू शकत नाही. दात जुळलेला, शिकलेला बैल महाग पडतो, आणि त्याची कामाची वर्षे किती उरली ही शंका घेणाऱ्याच्या मनात असतेच. म्हणून नांदेड व लातूरकडील जाणता शेतकरी एक तोड काढतो. घरच्या दावणीचा लालकंधारी अथवा देवणी खोंड तो जुन्या बैलाच्या जोडीस जुंपतो, आणि शिकविण्याचे अर्धे काम त्या बैलाकडूनच करून घेतो.

माणसांच्या खेळाचे विवेचन जनावरांच्या बाजारापासून आरंभावे, हे कित्येक श्रोत्यांस रुचणार नाही. परंतु ज्या व्यावसायिक कबड्डीने ‘लिलाव’ हाच शब्द राजरोस स्वीकारला, तिला या तुलनेबद्दल तक्रार करण्यास जागा उरलेली नाही.

प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. पहिल्या लिलावातील सर्वांत मोठी बोली राकेशकुमार या खेळाडूवर लागली, ती १२ लाख ८० हजारांची. २०१८ साली इराणचा फजल अत्राचली एक कोटीस पोहोचला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईस झालेल्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत यास २ कोटी ६० लाख ५० हजारांस घेतले. प्रत्येक संघाची थैली त्या वर्षी ५ कोटींची होती, म्हणजे निम्म्याहून अधिक थैली एका गड्यावर रिती झाली.

संघ बांधण्याच्या वाटा मुख्यतः दोन. संघ आपले काही गडी राखून ठेवतो व बाकीचे सोडतो. सोडलेल्यांवर लिलावात कोणीही बोली लावावी. ही झाली बाजाराची वाट. दुसरी वाट नवोदितांची. अजून नाव न झालेली मुले संघ स्वतः हेरतो, आपल्या शिबिरात वाढवितो आणि तुलनेने अल्प मानधनावर पदरी घेतो. खेड्यातल्या मैदानावर दम घोटून वाढलेल्या मुलास लिलावाच्या दिवाणखान्यात कोण ओळखणार? त्याला आत नेणारे दार हेच.

पुणेरी पलटणने या दुसऱ्या वाटेवर विशेष श्रम घेतले. अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत हे दोघे २०२१ च्या हंगामात असेच नवोदित म्हणून आले. पंकज मोहिते त्यांच्याआधीचा. या दावणीस जाणता बैल हवा, हे ओळखून २०२२ च्या लिलावात संघाने फजल अत्राचलीस १ कोटी ३८ लाखांस घेतले व कर्णधारपद दिले. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. परंतु ऐन वेळी अस्लम व मोहित दोघेही दुखापतीने बाहेर, आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून २९–३३ असा पराभव झाला.

पराभवानंतर संघचालकांनी जे केले ते धाडसाचे होते. पोरे राखली आणि कर्णधारास सोडले. त्याच्या जागी त्याचाच देशबंधू महंमदरेझा शादलू यास २ कोटी ३५ लाखांस आणले. वय तेवीस, पण पाटण्याकडून दोन हंगाम खेळलेला आणि उत्कृष्ट पकडपटू ठरलेला. कर्णधारपद मात्र त्याला दिले नाही. ते अस्लमकडे गेले. विकत आणलेल्याने पकडी कराव्यात आणि घरच्याने घर चालवावे, अशी ही वाटणी होती.

येथे कबड्डीचे एक वैशिष्ट्य ध्यानी घेतले पाहिजे. या खेळात बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो, आणि सोबत्यांनी गुण मिळवून त्याला जिवंत करीपर्यंत त्याचा काहीही उपयोग नसतो. सारी थैली एका चढाईपटूवर ओतली आणि तो पकडीत सापडला, की अडीच कोटी रुपये बाकावर बसून सामना पाहतात. त्याला उठविणार कोण? ज्यांच्यासाठी थैलीत पैसा उरला नव्हता तेच! तेलुगू टायटन्सचे असेच झाले. पवनच्या पराक्रमात उणे काढण्यासारखे काही नव्हते. तरी साखळीतील २२ सामन्यांपैकी संघाने २ च जिंकले व तळ गाठला. उलट पलटणीत अस्लम बाद झाला तर मोहित होता, मोहित बाद झाला तर पंकज होता. त्यांनी साखळीत अवघे २ सामने गमावले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेस हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पाडाव करून त्यांनी पहिले विजेतेपद मिळविले. त्या दिवशी चढाईत सर्वांत चमकला तो पंकज मोहिते, दावणीचाच.

मात्र बाजारचा बैल दुसऱ्याच वर्षी दुसऱ्याच्या गोठ्यात गेला. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात हरियाणाने शादलूस २ कोटी ७ लाखांस नेले, आणि २९ डिसेंबर रोजी विजेतेपदही पटकाविले. तेही पुण्यात, बालेवाडीच्या मैदानावर! त्याच हंगामात अस्लम दुखापतीने खाली बसला आणि गतविजेते पुणेकर पहिल्या सहांतही आले नाहीत. तरुणांचीही हाडे मोडतात, हा धोका कोणत्याही लिलावात मोजला जात नाही.

पलटणने पोरे मात्र सोडली नाहीत. अस्लम बरा होऊन परतला, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत त्याच्याच नेतृत्वाखाली संघ पुन्हा अंतिम सामन्यात उतरला. दबंग दिल्लीने तो ३१–२८ असा जिंकला. जिंकणाऱ्यांच्या बचावफळीत एक जुना, दात जुळलेला गडी उभा होता, पुण्याने दोन वर्षांपूर्वी सोडलेला फजल अत्राचली.