डेव्हिसचा पेंग्विनवाला



संमेलनाच्या स्वागताध्यक्षाने गावची नदी, ग्रामदैवत आणि जेवणातला खास पदार्थ यांचे गुणगान करायचे, असा रिवाज आहे. नदी आणि दैवत स्मरणिकेत छापले आहेत, पदार्थ ताटात येईलच. उरलेला वेळ स्वागत समितीने एका परक्या माणसाला द्यायचे ठरवले.

बिल केंड्रिक हे त्याचे नाव. कॅलिफोर्नियात डेव्हिस नावाचे विद्यापीठाचे गाव आहे, तिथला हा प्रोग्रॅमर. मूळ ओढा खेळांकडे, त्यातही अटारीच्या जुन्या खेळांकडे. ‘मॅड बॉम्बर’, ‘सर्कस लिनक्स’ हे त्याचे खेळ म्हणजे त्या जुन्या खेळांचेच नवे अवतार. आवडीपोटी केलेले, फुकट वाटलेले. अशा माणसाला घरचे लोक काय म्हणत असतील, याचा अंदाज सभागृहातल्या पुष्कळांना स्वानुभवावरून करता येईल!

पण हाच खेळकरपणा शाळेच्या कामी आला. अटारीच्या 1980च्या ‘मिसाइल कमांड’मध्ये आकाशातून पडणाऱ्या क्षेपणास्त्रांपासून शहरे वाचवायची असत. केंड्रिकने क्षेपणास्त्रांच्या जागी गणिते आणली. सात गुणिले आठ खाली येते आहे. छप्पन्न टाइप करा, की ते वरच फुटते. हा ‘टक्समॅथ’. तो गणित शिकवत नाही, सराव करून घेतो, हे शिक्षकांनी ओळखलेलेच असेल. पण पाढे म्हणायला बसवलेली पोरे आणि पाढ्यांसाठी रांग लावणारी पोरे यांतला फरक कोणत्याही गुरुजींना सांगावा लागत नाही.

2002 साली केंड्रिकने ‘टक्स पेंट’ सुरू केले. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर लहान मुलांना चित्र काढायला धड काही नव्हते. मोठ्यांसाठी होते, ते मुलांच्या आवाक्याबाहेरचे. हे सॉफ्टवेअर नीट पाहण्यासारखे आहे. चित्र साठवताना ते फाइलचे नाव विचारत नाही. ज्या पोराला अजून अक्षरओळख नाही, ते नाव कुठून देणार? साठवलेली चित्रे छोट्या रूपात समोर मांडलेली असतात, हवे त्यावर बोट ठेवायचे. बटण दाबून धरून माउस ओढणे ज्याच्या हाताला जमत नाही, त्याच्यासाठी वेगळी सोय आहे: एकदा क्लिक, मग नुसती हालचाल, पुन्हा क्लिक. आणि शिक्षकांसाठी स्वतंत्र सेटिंग. त्यात दोन प्रिंटच्या मध्ये किती सेकंद जाऊ द्यायचे, तेही ठरवता येते. प्रिंटरच्या शाईचा खर्च ज्याने पाहिला आहे, त्यालाच हे सुचणार.

मारिओच्या धाटणीचा ‘सुपरटक्स’ हा खेळही मुळात केंड्रिकचाच. पुढे तो मोठ्या चमूने वाढवला. ‘टक्समॅथ’ही इतर स्वयंसेवकांनी पुढे नेला. सुरू केलेले काम दुसऱ्याच्या हाती सोपवणे आपल्याकडच्या संस्थाचालकांना किती जड जाते, हे येथे अधिक न बोललेले बरे. याशिवाय डेव्हिसच्या लिनक्स गटात त्याने वर्षानुवर्षे काम केले. लोक आपापले संगणक घेऊन यायचे आणि स्वयंसेवक त्यांवर लिनक्स बसवून द्यायचे, तेही फुकट.

या सॉफ्टवेअरच्या नावांतला टक्स हा लिनक्सचा पेंग्विन. लॅरी युइंगने तो 1996 साली काढला. केंड्रिकने त्याला शाळेत घातले, एवढे म्हणता येईल.

या माणसाची आठवण इथे काढण्याचे कारण अगदी घरचे आहे. ‘टक्स पेंट’ मराठीत चालते. कोकणीतही चालते, देवनागरी आणि रोमी अशा दोन्ही लिप्यांत. ही भाषांतरे केंड्रिकने केलेली नाहीत. त्याला या भाषा येणार कुठून? त्याने सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली खुले ठेवले आणि त्या त्या भाषेची माणसे पुढे आली. मुक्त सॉफ्टवेअरवर व्याख्याने पुष्कळ होतात, पण समितीच्या मते पहिलीतल्या मुलाला रंगांची नावे आपल्या भाषेत दिसणे हा त्याहून भक्कम पुरावा आहे.

‘टक्स पेंट’मध्ये प्राणी, फुले, वाहने यांचे शिक्के असतात. शिक्क्याचे वर्णन सांगणारा आवाज भाषागणिक वेगळा जोडता येतो. दुपारच्या सत्रात मागच्या खोलीत माइक लावून ठेवले आहेत. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, ज्यांची जी बोली असेल तिच्यात आपापल्या वर्गासाठी वर्णने रेकॉर्ड करायची आहेत. आवाज गोड नसला तरी चालेल. शिक्षकांनी जेवण झाल्यावर डुलकी न काढता थेट तिकडे यावे, अशी समितीची विनंती आहे.