सागरतीरींचें बिऱ्हाड

परगांवीं बिऱ्हाड पाहावयाचें झालें म्हणजे पाणी, उजेड आणि शेजार या तीन गोष्टींची चौकशी आपण आधीं करतों. परंतु सुट्टीसाठीं समुद्रकांठीं घर ठरवितांना हा आपला शहाणपणा कोठें जातो कोण जाणे! तेथें आपण एकच प्रश्न विचारतों: खिडकींतून समुद्र दिसतो ना? हा एकच प्रश्न विचारून आम्ही एकदां घर घेतलें आणि तें आम्हांला फार महाग पडलें असतें. त्या वेळीं कोणते प्रश्न विचारावयास हवे होते, तें आज आपणांस सांगावें असा माझा विचार आहे.

कॅरिबिअन बेटें आतां आपल्याकडील कुटुंबांना पूर्वींइतकीं दूरचीं राहिलीं नाहींत. ज्यांचीं मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत, अशा घरांतून तेथें सुट्टी घालविण्याचे बेत होऊं लागले आहेत. या बेटांचें खरें वैभव पाण्याखालीं आहे. डोळ्यांवर कांचेचा मुखवटा, तोंडांत हवेची नळी आणि पायांत रबरी फिन्स घालून पाण्यावर पालथें पडावें, आणि खालचीं पोवळ्यांचीं वनें व त्यांतून हिंडणारे मासे पाहत राहावें, याला स्नॉर्केलिंग म्हणतात. मालवणास सिंधुदुर्गाजवळ आपल्यापैकीं कांहींनीं हा अनुभव घेतलाहि असेल. यांत खोल बुडी मारावी लागत नाहीं, फारसें बळहि लागत नाहीं. म्हणून तें प्रौढांनाहि साधतें. मात्र त्यासाठीं पाणी शांत व स्वच्छ पाहिजे, आणि त्यांत सुखानें उतरतां-चढतां आलें पाहिजे.

२०१८ सालच्या जूनमध्यें आम्ही सहा माणसें बार्बाडोसला गेलों. माझी थोरली बहीण, आमची अक्का, बरोबर होती. वयाच्या ५६ व्या वर्षीं ती दादरच्या तलावांत पोहावयास शिकली, ती केवळ एकदां तरी जिवंत पोवळीं डोळ्यांनीं पाहावीं या हौसेनें. घर माझ्या भाच्यानें छायाचित्रें पाहून ठरविलें होतें. तें बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर होतें. ओसरी उतरलें कीं वाळू, आणि वाळूपुढें समुद्र. छायाचित्रांत जें जें होतें तें तें सर्व तेथें होतें. घरमालकानें एक अक्षरहि खोटें सांगितलें नव्हतें. पण तो समुद्र म्हणजे उघडा अटलांटिक महासागर होता! आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मध्यें कोठेंहि अडथळा न होतां आलेल्या लाटा आमच्या ओसरीसमोर येऊन फुटत. शिवाय सारगॅसम नांवाच्या तपकिरी शेवाळाचे ढीग वाळूवर कुजत पडले होते आणि त्यांना सडलेल्या अंड्यांसारखी दुर्गंधि येत होती. २०११ पासून हें शेवाळ या बेटांच्या पूर्वेकडील किनाऱ्यांवर वारंवार येऊं लागलें आहे, हें आम्हांला मागाहून कळलें.

आज नाहीं तर उद्यां समुद्र शांत होईल, या आशेवर अक्का तीन दिवस ओसरीवर बसून राहिली. चौथ्या दिवशीं तिला राहवलें नाहीं. गुडघाभर पाण्यांत ती उभी राहिली, तोंच परतणाऱ्या लाटेनें तिच्या पायांखालची वाळू ओढून नेली आणि ती पडली. सुदैवानें भाचा जवळ होता. त्यानें तिचें मनगट धरलें. बुडणारें माणूस हांका मारतें अशी आपली समजूत असते. श्रोतेहो, तसें होत नाहीं. आम्ही दहा पावलांवर उभे होतों आणि आम्हांला कांहींहि ऐकूं आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं एका टॅक्सीवाल्यानें आम्हांला पश्चिम किनाऱ्यावर नेलें. बार्बाडोसची रुंदी फार तर २३ किलोमीटर. पण पलीकडे पाहतों तों पाणी तळ्यासारखें निवांत! लहान मुलें नळ्या लावून तरंगत होतीं. अक्का मात्र पाण्याला शिवली नाहीं. त्यानंतर जवळजवळ सात वर्षें तिनें मुखवट्याचें नांवहि काढलें नाहीं.

तेव्हां पहिला प्रश्न वाऱ्याचा. या भागांत व्यापारी वारे बहुतेक वर्षभर ईशान्येकडून व पूर्वेकडून वाहतात. त्यामुळें बेटाची पूर्व बाजू लाटांची, आणि पश्चिम बाजू आडोशाची, असें सामान्यतः समजावें. म्हणून घराचें छायाचित्र पाहण्यापूर्वीं बेटाचा नकाशा पाहावा. छायाचित्रच पाहावयाचें तर त्यांतील झाडें पाहावीं. वाऱ्याच्या बाजूचीं झाडें एकीकडे कललेलीं असतात. घर विकावयास बसलेला माणूस जें सांगत नाहीं तें तीं सांगतात.

२०२५ च्या जानेवारींत आम्ही पुन्हा धीर केला. या खेपेस बोनेअर नांवाचें बेट निवडलें. व्हेनेझुएलाच्या उत्तरेस सुमारें ८० किलोमीटरांवर असलेलें हें बेट नेदरलँड्सच्या राज्यांत मोडतें आणि तेथील लोक पापियामेंतो भाषा बोलतात. बेटाभोंवतींचा समुद्र १९७९ पासून संरक्षित आहे. पाऊस कमी, नदी नाहीं. त्यामुळें गाळ वाहून येत नाहीं आणि पाणी अत्यंत निर्मळ राहतें. क्रालेन्डाइक हें मुख्य गांव पश्चिमेच्या आडोशाला आहे, आणि त्याच्या समोर क्लाइन बोनेअर हें निर्मनुष्य बेट असल्यानें तेथील पाणी अधिकच सुरक्षित झालें आहे.

तेथें घर पाहतांना दुसरा प्रश्न आला तो तळाचा. पांढरी मऊ वाळू पाहून आपलें मन हरखतें. परंतु नुसत्या वाळूवर पोवळीं वाढत नाहींत. त्यांना खडकाचा आधार लागतो. गंमत अशी कीं या पांढऱ्या वाळूचा बराच भाग पोपटमाशांनीं केलेला असतो. ते मेलेल्या पोवळ्यांचे खडक चावून वरचें शेवाळ खातात आणि खडकाचें पीठ करून बाहेर टाकतात. ज्याला वाळूंत लोळावयाचें आहे त्यानें खुशाल लांबच लांब पुळण पाहावी. ज्याला मासे पाहावयाचे आहेत त्यानें खडकाळ किनारा पसंत करावा, आणि पोवळ्यांची रांग तीरापासून किती अंतरावर आहे तें विचारावें. बोनेअरच्या पश्चिम किनाऱ्यावर ती इतकी जवळ आहे कीं नावेची गरज पडत नाहीं. इतर पुष्कळ ठिकाणीं समुद्रकांठचें घर घेऊनहि रोज नावेचें भाडें भरावें लागतें.

तिसरा प्रश्न पायरीचा, आणि माझ्या मतें हाच सर्वांत महत्त्वाचा. खडकाळ किनारा म्हटला म्हणजे धारदार दगड आले, निसरडें शेवाळ आलें, आणि कपारींत लांब काळ्या कांट्यांचे सागरप्राणी आले. पाण्यांत शिरावयाचें कोठून आणि दमल्यावर बाहेर यावयाचें कोठून? घराला धक्का आहे काय? त्याला कठड्याची शिडी आहे काय? आम्ही घरमालकिणीला पत्र घालून समुद्राच्या छायाचित्राऐवजीं शिडीचें छायाचित्र मागितलें. तिला प्रथम नवल वाटलें. पण तिनें सकाळचें व दुपारचें अशीं दोन छायाचित्रें पाठविलीं. मुंबईकरांच्या मनांत भरती-ओहोटीची धास्ती असते. कारण आपल्याकडे उधाणाच्या दिवशीं पाण्याच्या पातळींत बारा फुटांहून अधिक फरक पडतो. तेथें तो जेमतेम एक फूट असतो. त्यामुळें शिडीची खालची पायरी दिवसभर पाण्यांतच राहते.

याशिवाय कांहीं लहान गोष्टी आहेत. घरासमोरून मोटरबोटींचा मार्ग जातो काय, आणि पोहणाऱ्यांसाठीं बोये बांधून जागा राखली आहे काय, हें विचारावें. प्रवाहाची दिशा रोज पाहावी. निघतांना प्रवाहाविरुद्ध जावें, म्हणजे थकल्यावर तोच आपल्याला घरीं आणून सोडतो. ऋतूचाहि विचार हवा. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तेथें चक्रीवादळांचा काळ असतो. २०२४ च्या १ जुलै रोजीं ‘बेरिल’ वादळानें ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावरील बहुतेक सर्व घरांची हानि केली. बोनेअर वादळांच्या नेहमींच्या मार्गाच्या दक्षिणेस आहे खरें; पण १९९९ च्या नोव्हेंबरांत ‘लेनी’ हें वादळ रीत सोडून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलें, आणि याच शांत किनाऱ्यावरील उथळ पाण्यांतलीं पोवळीं मोडून पडलीं. आडोशावर भरंवसा ठेवावा, पण आकाश पाहणें सोडूं नये.

खर्चाविषयीं एक गोष्ट सांगतों. अगदीं पाण्यालगतच्या घराचें भाडें पुष्कळदां आंतल्या गल्लींतील घराच्या मानानें फार भारी असतें. बोनेअरमध्यें रस्त्याच्या कडेला रंगविलेले पिवळे दगड दिसतात. प्रत्येक दगड म्हणजे पाण्यांत उतरण्याची एक जागा. तरुण मंडळींनीं आंतलें स्वस्त घर घेऊन या जागांचा उपयोग करावा. आम्ही मात्र पाण्यालगतचें घर घेतलें, कारण अक्काला शिडी आणि विसांवा दोन्ही जवळ हवीं होतीं. मन नको म्हणेल त्या क्षणीं परत फिरतां यावें, यासाठीं तें भाडें होतें.

दोन दिवस ती धक्क्यावर पाय सोडून बसली. तिसऱ्या दिवशीं सकाळीं लाइफ जॅकेट घालून एकेक पायरी उतरली. शिडी एका हातानें धरून तिनें पाण्यांत तोंड घातलें. थोड्या वेळानें तो हात सुटला. वर आली तेव्हां पहिलें वाक्य असें होतें, “अरे, ते खडक खातांना कुरकुर आवाज येतो!” पोपटमाशांची न्याहारी चालली होती.

तिनें आणखीहि कांहीं पाहिलें. मोठमोठीं मेंदूच्या आकाराचीं पोवळीं मरून करडीं पडलीं होतीं. २०२३ मध्यें त्या बेटावर पोवळ्यांचा एक रोग आला आणि त्याच वर्षीं समुद्राचें पाणी अतोनात तापलें. म्हणून चौथा प्रश्न आपण स्वतःला विचारावयाचा: आपल्या राहण्यानें या समुद्राला उपद्रव तर होत नाहीं ना? घरांतील सांडपाणी कोठें जातें, हें अवश्य विचारावें. कांसवें अंडीं घालतात अशा पुळणीवरील घराचे दिवे रात्रीं झांकलेले असावे; नाहीं तर पिलें समुद्राऐवजीं दिव्याकडे धांवतात. अंगाला मलमें फांसण्यापेक्षां लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा बरा. आणि पोवळ्यावर कधींहि पाय ठेवूं नये. तो दगड नव्हे, जीव आहे.

थोडक्यांत सांगावयाचें तर, घर निवडतांना आपल्यांतील सर्वांत कच्चा पोहणारा डोळ्यांसमोर आणावा. तो पाण्यांत कसा उतरेल आणि बाहेर कसा येईल, याचें उत्तर मिळालें कीं उरलेल्यांची सोय आपोआप होते. खिडकींतला समुद्र सर्वांनाच दिसतो. ज्याला भीति वाटते त्यालाहि ज्यांत उतरतां येतें, तो समुद्र आपला.