रोग्याच्या कागदांची भाषा

बदलापूर सोडून कर्जतकडे निघालेली गाडी वांगणी आणि शेलू हीं स्थानकें मागें टाकून नेरळला येते. माथेरानला जाणाऱ्या प्रवाशाला तेथें गाडी बदलावी लागते. मोठ्या गाडीच्या रुळांमधील अंतर साडेपांच फूट, तर १९०७ सालीं सुरू झालेल्या माथेरानच्या छोट्या गाडीच्या रुळांमधील अंतर अवघें दोन फूट. दोन्ही गाड्या आपापल्या जागीं उत्तम. परंतु एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालत नाहीं. प्रवासी उतरून पलीकडच्या गाडींत बसतो, कारण त्याला पाय आहेत. रोग्याच्या कागदांना पाय नसतात. ते अशा नेरळाला अडले म्हणजे तेथेंच राहतात.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं शहरें एकाच लोहमार्गावर ओळीनें वसलेलीं आहेत. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागीं फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीला उल्हासनगर हें नांव मिळालें. अंबरनाथला कारखाने उभे राहिले. मुंबईंत जागा न परवडणाऱ्या कुटुंबांनीं बदलापुरांत घरें केलीं. नगरांचा कारभार तीन ठिकाणचा, पण माणसाचें जीवन एकच. समजा, बदलापूरचा एक गृहस्थ अंबरनाथच्या कारखान्यांत कामाला आहे. पेनिसिलिन त्याला सोसत नाहीं, हें बदलापुरांतील त्याच्या डॉक्टरांच्या नोंदींत आहे. त्याच्या रक्ताची तपासणी अंबरनाथच्या प्रयोगशाळेंत झालेली आहे. एके सायंकाळीं तो बेशुद्ध पडला आणि त्याला उल्हासनगरच्या रुग्णालयांत नेलें, तर तेथील डॉक्टरांना यांतलें काय दिसेल? कांहींच नाहीं. तपासण्या पुन्हां होतील, पैसा पुन्हां जाईल, आणि दुर्दैवानें तेंच औषध टोंचलें गेलें तर प्राणावर बेतेल.

तिन्ही ठिकाणीं संगणक बसविले म्हणजे काम झालें, असें पुष्कळांना वाटतें. तसें नाहीं. एका डॉक्टरांनीं नुसतें ‘एम. एस.’ लिहिलें, तर हृदयविकाराचा वैद्य त्याचा अर्थ हृदयाची झडप अरुंद होणें असा करील, आणि मज्जाविकारांचा वैद्य मज्जातंतूंचा एक वेगळाच रोग समजेल. आंकड्यांचेंही तसेंच. उपाशीपोटीं रक्तांतील साखर आपल्याकडे १२६ अशी लिहितात. तीच इंग्लंडांत ७ अशी लिहिली जाते. पहिला आंकडा मिलिग्रॅमचा, दुसरा मिलिमोलचा. साखर तितकीच, मापें दोन. आंकड्यापुढें एकक लिहिलें नाहीं तर शाळेंतल्या मुलाचेही गुण कापले जातात. येथें तर रोग्याच्या जीवाचा प्रश्न आहे.

यावर जगानें शोधलेला उपाय म्हणजे सर्वांनीं आधीं शब्द व मापें ठरवून घेणें. याचा आरंभ संगणकाच्या फार पूर्वींचा. १८९३ सालीं जॅक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाची मृत्यूच्या कारणांची वर्गवारी शिकागो येथील सभेंत मान्य झाली. १९४८ सालापासून तिची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. पुढें रोग, लक्षणें व उपचार यांच्या प्रत्येक कल्पनेला स्वतंत्र क्रमांक देणारा ‘स्नोमेड’, प्रयोगशाळेंतील तपासण्यांना क्रमांक देणारा ‘लॉइंक’ आणि एका यंत्रानें दुसऱ्याकडे मजकूर कोणत्या सांच्यांत धाडावा हें सांगणारा ‘फायर’, असे संकेत तयार झाले. रोगाला कोणी मधुमेह म्हणो, कोणी शुगर म्हणो. क्रमांक एक असला म्हणजे यंत्राचा गोंधळ होत नाहीं.

भारत सरकारनें अशीं मानकें प्रथम २०१३ सालीं जाहीर केलीं व २०१६ सालीं तीं सुधारलीं. २०१४ सालीं भारत स्नोमेड चालविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सभासद झाला. या मानकांचें राष्ट्रीय केंद्र पुण्यास, सी-डॅक या संस्थेंत आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजीं सहा केंद्रशासित प्रदेशांत आरंभलेली डिजिटल आरोग्य योजना २७ सप्टेंबर २०२१ रोजीं सर्व देशाला लागू झाली. तींत माणसाला चौदा आंकडी ‘आभा’ क्रमांक मिळतो. नोंदी मात्र एका कोठारांत जमा होत नाहींत. ज्या दवाखान्याच्या त्या तेथेंच राहतात आणि कोणती माहिती, कशासाठीं व किती मुदतीपर्यंत द्यावयाची याला रोग्याची संमति घेऊन मगच दुसरीकडे जातात.

योजना चांगली; पण रूळ आंखणें निराळें आणि गाडी धांवणें निराळें. बाहेर बांकावर रोग्यांची रांग लागली असतां एकटा डॉक्टर प्रत्येकाची नोंद ठरलेल्या क्रमांकांत केव्हां करणार? लहान दवाखान्यानें यंत्राचा खर्च कोठून काढावा? या अडचणी खऱ्या आहेत. नुसत्या फर्मानानें त्या सुटणार नाहींत. ज्याच्या माथीं श्रम पडतात त्याला त्यांचा कांहीं लाभ दिसला पाहिजे. दुसरी भीति गुप्ततेची. दमा किंवा क्षय यांची वार्ता मालकाच्या कानीं जावी असें कोणत्याही कामगाराला वाटत नाहीं. म्हणून क्रमांक घेणें ऐच्छिक आहे, ही गोष्ट खिडकीवरच्या कारकुनानेंही विसरूं नये. जीवावरच्या प्रसंगीं संमतीवांचून माहिती वापरण्याची मोकळीक २०२३ च्या कायद्यांत ठेवलेली आहे. परंतु नोंदच झालेली नसेल तर ती मोकळीक कोणाच्या कामाची?

तोंवर घरच्या माणसांना करतां येण्याजोगें पुष्कळ आहे. तपासणीचे कागद तारीखवार एका ठिकाणीं ठेवावे. आंकड्यापुढें एकक आहे कीं नाहीं तें पाहावें. डॉक्टरांना रोगाचें पूर्ण नांव लिहून देण्याची विनंति करावी. आणि न सोसणाऱ्या औषधाचें नांव सुवाच्य अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी कामावर जाणाऱ्याच्या खिशांत असूं द्यावी. बदलापूर ते उल्हासनगर हें अंतर आगगाडी कांहीं मिनिटांत तोडते. रोग्याबरोबर त्याची हकीकतही तितक्याच वेळांत पोंचली, तरच तीं मानकें जाहीर केल्याचें सार्थक झालें असें म्हणावें.